धर्मकाटा

देवास नाक्याच्या पुढे, पेट्रोल पंपाला लागून
आमचा धर्मकाटा. साठ टनी.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, दोहोंतला फरक.
पावती फाडायची, ऐंशी रुपये घ्यायचे.
सकाळी सातपासून मी खिडकीत.

ट्रकला कुणी विचारत नाही
एवढं कसं भरलंस म्हणून.

मला विचारतात.
वैजूवन्सं विचारतात, दूधवाला विचारतो,
लग्नात शेजारच्या पाटावरची कुणीही विचारते
आणि विचारता विचारता
माझ्या पानातल्या श्रीखंडाकडे बघते.

सगळं करून झालंय.
गरम पाणी, मध, लिंबू,
सहानंतर तोंडाला कुलूप,
नेहरू पार्कात पहाटेच्या फेऱ्या.
एका वर्षी अकरा किलो उतरले,
पुढच्या दिवाळीआधी चौदा चढले.
राजवाड्यामागच्या टेलरकडे तेव्हा शिवलेले ब्लाऊज
अजून कपाटात आहेत, टाचण्यांसकट.

आईचा डावा पाय
साखरेपायी गुडघ्याखाली कापला,
तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून
कचोऱ्या खाल्ल्या. तीन.
हे कुणालाच सांगितलेलं नाही.

डॉक्टर तारे कागदावर पोट काढतात,
वाकडी थैली,
मग तिच्यावर पेनाने एक उभी रेघ.
"हे राहील. हे जाईल."
राहील ते केळ्याएवढं.
आधी काही दिवस नुसतं पातळ, मग मऊ,
मग दोन घास, सावकाश. गोळ्या जन्मभर.
धोका? आहे, थोडा.
न करण्यातही आहे, तुमची शुगर बघता.
त्यांनी एकदाही
"तोंडावर ताबा" म्हटलं नाही.
मला रडू आलं ते त्यामुळे.
त्यांना वाटलं, भीतीमुळे.

हे म्हणाले, "करायचं तर कर."
दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा टीव्ही बंद करून.
वन्सं म्हणाल्या, "देवाने दिलेलं पोट गं,
त्याला कात्री लावायची?"
देवानेच दिलेले त्यांचे पित्ताचे खडे
मागच्या चैत्रात पिशवीसकट काढले.
डबा मीच नेत होते.

माझी भीती वेगळी आहे.
रात्री सराफ्यात, सोन्याची दुकानं मिटल्यावर
कढईतून निघालेले गराडू, वर जीरावन,
आम्ही दोघं एका द्रोणात.
आमचं बोलणं होतं ते तिथेच,
घरी नाही.
केळ्याएवढ्या पोटात
ते बोलणं मावेल?

काल बलकारची गाडी शेवटची. कांदा.
ती गेल्यावर दिवा मालवायच्या आधी
मी काट्यावर जाऊन उभी राहिले.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
चपला काढून, देवळात काढतात तशा.
लोखंड दिवसभराचं तापलेलं होतं अजून.
बाहेरच्या लाल आकड्यांत उमटलं: १२०.
आमचा काटा दहाच्या पटीतच बोलतो.
म्हणजे एकशे सोळा, एकशे चोवीस, काहीही.
कांद्याच्या अडीच गोण्या.
एवढ्यावर एवढी वर्षं एवढी चर्चा.

डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारला होता:
कापून काढाल, त्याचं वजन किती भरतं?
त्या थांबल्या. कुणी विचारलं नसावं.
"असेल शंभर-दीडशे ग्रॅम."

शंभर-दीडशे ग्रॅम.
माझ्या काट्याला कळणारसुद्धा नाही
काही गेलं म्हणून.

फॉर्म पावतीपुस्तकाखाली ठेवलाय.
ह्यांची सही झाली आहे, माझी जागा कोरी.
सातला पहिली गाडी येईल, चोइथराम मंडीला जाणारी, भरलेली.
तिचं स्वतःचं वजन किती
ते दुपारी कळेल, माल उतरवून परत आल्यावर.
त्याआधी
ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं.